फेरातली मोकळी जागा

१२ नोव्हेंबर

कॅमेरा आज दुपारच्या बोटीने आला. खोक्यावर माझं नाव चुकीचं होतं, तैतुरऐवजी ‘तेतूर’. खोकं उघडण्याआधी ते पेनाने दुरुस्त केलं. रग्ना म्हणाली, “अरे, खोकं जाळायचंच आहे ना?” तरी केलं.

ही रोजनिशी मी मुद्दाम सुरू करतोय. नौकाशाळेतही पहिलं सत्र ठीक गेलं होतं. दुसऱ्या सत्रात एक दिवस वर्गात उभं राहता येईना, छातीत धडधड, आणि मी घरी आलो तो आलोच. या वेळी काही बिघडायला लागलं तर ते कधी सुरू झालं हे तरी कळेल.

काम असं आहे. बंदरावरच्या जुन्या मासळी-वखारीत भिंतीवर पडदा आणि त्याच्या वर कॅमेरा लावायचा. मुलं समोर उभी राहिली की कॅमेरा त्यांना पाहतो आणि पडद्यावर प्रत्येकाचा एक काड्यांचा माणूस काढतो. मूल उडी मारेल तशी काडीही उडी मारते. वरून मासे पडतात, ते झेलायचे. हिवाळ्यात आमच्या बेटावर वाऱ्याने मुलं घरात कोंडली जातात, म्हणून नगरपालिकेने हे घेतलं. माझी बहीण रग्ना शाळेत शिकवते. तिच्याच शब्दावर मला हे काम मिळालं.

आमचा खरा हेतू सुन्वा आहे. रग्नाची मुलगी, सात वर्षांची. तिच्या डाव्या खुब्याचं हाड झिजत होतं, वर्षभर पाय आधाराच्या पट्ट्यात जखडलेला होता. मे महिन्यात पट्टा निघाला, पण ती चालत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखत नाही, भीती बसली आहे. या हिवाळ्यात पाय वापरला नाही तर वसंतात कोपनहेगनला शस्त्रक्रिया आणि पुन्हा पट्टा. रग्ना म्हणते, दुसऱ्यांदा पट्टा लागला तर ही पोर परत उठायची नाही. तिचा बाप ट्रॉलरवर, तो नाताळला येईल. तोवर सगळं आमच्यावर.

१४ नोव्हेंबर

पहिला दिवस. फजिती.

शाळेतली सगळी मुलं आली होती. रांगेत उभं राहा म्हटलं आणि त्यांनी लगेच एकमेकांचे हात धरले. त्यांचा दोष नाही. इथलं पोर चालायला लागतं ते नाताळच्या नाचात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, हातात हात. रांग म्हटली की फेर. पण कॅमेऱ्याला ते सगळे मिळून एकच प्राणी वाटले. पडद्यावर पुष्कळ पायांचं काहीतरी वळवळायला लागलं.

“खेकडा! खेकडा!” रोकुर ओरडला. तो सगळ्यांत दांडगा. “तैतुर, तुझ्या कॅमेऱ्याला चष्मा लाव!”

सुन्वा खुर्चीत बसून होती. तिला हसूसुद्धा आलं नाही.

कोपनहेगनला कंपनीच्या फ्लेमिंगना फोन केला. ते म्हणाले, “हात सोडायला सांग की. मुलांमध्ये हातभर अंतर हवं.” म्हटलं, आमच्याकडे मुलं हात सोडत नाहीत. ते म्हणाले, “मग शिकव.”

१५ नोव्हेंबर

जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, पट्टीने मोजून. प्रत्येक मुलाला एक. अंतर बरोबर राहावं म्हणून मुलांना युक्ती शिकवली. आधी दोन्ही हात बाजूला पसरायचे, तळवे उघडे. शेजाऱ्याच्या बोटांना बोटं लागता कामा नयेत. मग खेळ सुरू.

चाललं! काड्यांची माणसं सुटी सुटी झाली. मुलांनी इतक्या उड्या मारल्या की फळ्यांखालचं पाणी हलल्याचा आवाज येत होता. वखार अर्धी खांबांवर आहे.

सुन्वाची खुर्ची डाव्या टोकाला ठेवली. तिने बसल्या बसल्या हात पसरले. उजवीकडे लिव. डावीकडे कुणी नाही, नुसती भिंत आणि समुद्रदार. पूर्वी त्या दारातून मासळी थेट बोटीत उतरवत, म्हणून त्याला पायरी नाही. आतून अडसर असतो.

मला समाधान वाटलं. हे वाक्य मी बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

१९ नोव्हेंबर

एक दोष. सुन्वाच्या डावीकडे कॅमेरा आणखी एक काडी काढतो. लहान मुलाएवढी. मासे झेलत नाही, उभी असते.

रोकुर म्हणाला, “ते तुझं पोर आहे का, तैतुर? तुझ्यासारखंच भिंतीला चिकटलंय.” मुलं खदखदा हसली. नाताळच्या नाचाला मी भिंतीशी उभा असतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. कुणी हात पुढे केला की मी म्हणतो, कोट सांभाळतोय.

फ्लेमिंग म्हणाले, खुंटीवरचा कोट असेल, कॅमेरा कोटाला माणूस समजतो. तिथे कोट नव्हता. पण जाळं होतं, ते काढलं. खिळेही काढले. भिंत पांढरी केली.

२१ नोव्हेंबर

सुन्वा उभी राहिली!

भिंत रंगवूनही ती काडी होतीच. मी स्टुलावर चढून कॅमेऱ्याचा कोन बदलत होतो, इतक्यात लिव किंचाळली, “सुन्वा बघा!” ती खुर्चीतून उठली होती. डावा हात पसरलेला, सगळा भार त्याच बाजूला दिलेला. कठड्याला धरून उभं राहावं तशी. तिथे कठडा नाही.

रग्ना स्वयंपाकघरात रडली. मग वाळवलेलं मटण कापून आणलं, ज्याला नाताळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं तीच म्हणाली होती. “तुझा तो डबा देवासारखा आला रे,” म्हणाली.

झोपवताना मी सुन्वाला विचारलं, कशी उठलीस?

“तिने ओढलं.”

“कुणी? लिवने?”

“लिव उजवीकडे असते, मामा.” जसं काही मलाच डावं-उजवं कळत नाही.

पडद्यावरच्या काडीशी तिची मैत्री झालेली दिसते. मुलांचं असं असतं, रग्ना म्हणते. आता तो दोष दुरुस्त करायचा की नाही हा प्रश्न आहे. तूर्त राहू देतो.

२६ नोव्हेंबर

मुलं पट्ट्यांवर राहत नाहीत. सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या पट्टीवर असतो, खेळ संपतो तेव्हा सगळी रांग डावीकडे सरकलेली. खेळात डावीकडे जायचं काही कारण नाही, मासे सगळीकडे सारखे पडतात. आज मागे उभं राहून नीट पाहिलं. ती उड्यांच्या मधे मधे पावलं टाकतात. दोन डावीकडे, एक उजवीकडे. नाचाचं पाऊल. अंगवळणी पडलेलं आहे, दुसरं काय.

पट्ट्या उजवीकडून पुन्हा लावल्या.

सुन्वा आता खुर्चीशिवाय उभी राहते. तीही सरकते, म्हणजे पाऊल टाकते. मी ओरडणार होतो, पण पाऊल टाकते म्हटल्यावर ओरडलो नाही.

२९ नोव्हेंबर

अग्निसुरक्षेचे नियम वाचून काढले. कलमात स्पष्ट आहे: मुलांच्या सभागृहातलं प्रत्येक दार आतून ढकलल्यावर उघडलं पाहिजे. म्हणजे समुद्रदारही. त्याचा अडसर काढला आणि बिजागऱ्यांना तेल दिलं. आता बोटाने ढकललं तरी उघडतं.

रग्ना म्हणाली, “अरे, ते दार कुठे? भोक आहे ते.”

“नियमात दार म्हटलंय. तेही दारच आहे.”

“आणि बाहेर पडलं की?”

बाहेरून चौकटीला आडवा दोर बांधलाय. काळजीचं कारण नाही.

३ डिसेंबर

नाताळच्या नाचासाठी मुलांचं गाणं पक्कं करून घ्यायला बिल्लाआजी आजपासून येते. रग्नाची आणि माझी ती आजेआत्या, पण सगळं गाव तिला आजीच म्हणतं. जुनी गाणी शेवटच्या कडव्यापर्यंत तिलाच येतात, आणि ती गायला लागली की बाकीच्यांनी मागून धृपद म्हणायचं. स्वतः मात्र फेरात येत नाही, बाकावरून गाते. गुडघे, म्हणते. मी लहान होतो तेव्हाही ती बाकावरूनच गायची.

ती आली तेव्हा मुलं हात पसरून अंतर घेत होती. ती दारातच थांबली.

“हे काय चालवलंयस?”

“अंतर मोजतोय, आजी. कॅमेऱ्यासाठी.”

“आणि उघडा हात कुणासाठी?”

मला कळलं नाही. तिने मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं. फेर चालू असताना बाहेरच्याला आत यायचं असेल तर दोघं हात सोडतात आणि तळवा उघडा धरतात. तेच आमंत्रण. “तू लहानपणी एकदा तरी फेरात शिरला असतास तर माहीत असतं. रोज दुपारी या पोरांकरवी बोलावणी धाडतोयस, मेल्या. कुणाला, ते तरी बघ.”

“तिथे कुणीच नाही, आजी.”

ती पडद्याकडे पाहत होती. कॉफीही न घेता गेली. वारा वाढला होता, म्हणून असेल.

४ डिसेंबर

डॉक्टरांनी सुन्वाचा पाय तपासला. स्नायू भरतोय. असंच चालू ठेवा, म्हणाले, कोपनहेगनची गरज पडणार नाही. रग्नाने त्यांच्यासमोर मला मिठी मारली.

एक क्षुल्लक गोष्ट. वखारीतून आल्यावर सुन्वाचा डावा हातमोजा रोज ओला असतो. उजवा कोरडा. चुलीशेजारी वाळत घालतो, सकाळपर्यंत मीठ फुटलेलं असतं. विचारलं तर म्हणते, “तिचे हात ओलेच असतात ना.” ती बाहेर कुठे पाण्यात खेळते का ते बघायला हवं. पण बाहेर ती चालत नाही. वखारीतच चालते, तेही खेळ चालू असताना.

६ डिसेंबर

वीज गेली. खेळाच्या मध्येच पडदा काळा झाला, दिवेही गेले. म्हटलं, जिथे आहात तिथेच थांबा. चाचपडत विजेरी शोधली.

मुलं थांबली नव्हती. अंधारात फळ्यांवर पावलं वाजत होती. दोन आणि एक. सगळ्यांची एकदम. कुणी हसत नव्हतं, रोकुरसुद्धा.

विजेरी लावली तेव्हा रांग पार डावीकडे गेली होती आणि सुन्वा समुद्रदारापासून हाताच्या अंतरावर होती. तिचा डावा हात पुढे, दाराकडे. मी तिला उचललं. ती चिडली. “आम्ही जात होतो ना!”

“कुठे?”

“तिच्याकडे. रोज आम्हीच तिला बोलावतो. आता आपली पाळी आहे.”

घरी आल्यावर हे सगळं दोनदा वाचलं. शब्द बरोबर आहेत. मला झोप लागेल असं वाटत नाही.

७ डिसेंबर

सकाळी अडसर परत घालायला गेलो. मी तो वखारीमागे भंगारात ठेवला होता, भंगारवाला घेऊन गेला. लाकडी फळी ठोकली. दुपारपर्यंत खिळे सैल झाले होते. लाकूड ओलं आहे, धरत नाही. लोहाराकडे नवा अडसर सांगितला.

मग बिल्लाआजीकडे गेलो. ती बटाटे सोलत होती. विचारलं, तिथे कोण आहे?

“आता विचारतोयस?” म्हणाली. मग सांगितलं.

ती लहान असताना खाडीपलीकडच्या एकट्या घरात एल्स्पा नावाची मुलगी होती. त्या घरात क्षय होता. नाताळच्या नाचाला ती एकटी बर्फातून चालत आली, हातमोजे घालून, आणि फेराजवळ उभी राहिली. ती पुढे आली की समोरचे हात घट्ट व्हायचे. फेर तिच्यासमोरून फिरत राहिला, आणि प्रत्येक जोडी घट्ट. शेवटी ती दोन लहान मुलींसमोर थांबली, तिच्याच वयाच्या. त्यांनीही सोडले नाहीत. मग ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. गाणं लांब होतं. संपलं तेव्हा समुद्रदार उघडं होतं. एक हातमोजा मिळाला, बाकी काही नाही.

“त्या दोन मुली कोण?”

“एक माझी मोठी बहीण. ती गेली.”

“आणि दुसरी?”

“एवढं कुणाच्या लक्षात राहतंय,” आजी म्हणाली आणि सोललेला बटाटा पुन्हा सोलायला लागली.

म्हातारपणात असं होतं. मी विषय वाढवला नाही.

९ डिसेंबर

पट्ट्या उपटल्या. कॅमेरा बंद केला. मुलांना म्हटलं, हात धरून उभी राहा, पूर्वीसारखी.

सुन्वा खाली बसली. पाय जसा पूर्वी होता तसा, गाठोड्यासारखा. उचलून उभी केली की कोसळते. रात्रभर तिने डावा हात पांघरुणाबाहेर काढून ठेवला होता. “तिला वाटेल मीपण सोडला,” एवढंच म्हणते.

रग्ना माझ्यावर ओरडली. “डॉक्टर सांगतात चालू ठेव, आणि तू एका म्हातारीच्या गोष्टीवरून बंद करतोस? तू घाबरलास की सगळं सोडून घरी येतोस, हे मला माहीत आहे. पण या वेळी पाय तिचा आहे, तैतुर.”

तिचं खरं आहे.

१० डिसेंबर

दिवसभर कागदावर रांग काढत बसलो. मुलांच्या जागी टिंबं, हातांच्या जागी रेघा.

नगरपालिकेने या कामासाठी दिलेल्या पत्रात मुलांच्या ‘रांगे’विषयी लिहिलं आहे. मीही या वहीत कुठे रांग, कुठे फेर लिहिलंय, जणू एकच शब्द. एक नाहीत. रांगेला टोक असतं, आणि टोकाला जो असतो तो नेईल तिकडे रांग जाते. फेराला टोक नसतं. फेर कुठेही जात नाही, तिथल्या तिथे फिरतो.

मी मुलांची रांग केली आणि तिला टोक दिलं.

सुन्वाने तो हात धरलाय आणि ती सोडणार नाही. सोडायला लावलं तर पाय जातो. पण त्या मुलीला दुसराही हात आहे, आणि तो कुणी धरलेला नाही. आजवर कधीच कुणी धरला नाही.

हे लिहिताना अक्षर वाकडं आलंय. पुन्हा लिहीत नाही.

११ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळपासून वादळ. लोहार अडसर घेऊन येऊ शकला नाही. शाळा उघडी होती आणि आईबाप घ्यायला येईपर्यंत मुलं वखारीत थांबणार होती. रग्ना सुन्वाला पाठीवर घेऊन आली. म्हणाली, “लाव.” मी पट्ट्या पुन्हा चिकटवल्या आणि कॅमेरा लावला. एक पट्टी जास्त, सुन्वाच्या डावीकडे. ती मी आजवर लावली नव्हती. बिल्लाआजी बाकावर होती.

मुलांनी हात पसरले. पडद्यावर काड्या आल्या, आणि डावीकडे तीही. सुन्वा हसली आणि उठून उभी राहिली. रग्नाने माझा दंड इतका दाबला की आता निळा झालाय. तिलाही पडद्यावर ती दिसली असणार. ती म्हणाली, “कोट आहे ना रे तो?” मी हो म्हटलं.

मासे पडायला लागले. कुणी झेलले नाहीत. मुलांनी आपापसांत हात धरले आणि पावलं सुरू झाली, दोन आणि एक. पडद्यावर खेकडा झाला, आणि त्याचं टोक सरकत सरकत दाराकडे. मग दार उघडलं. वाऱ्याने ते आतून बाहेर कसं उघडेल? वारा समुद्राकडून आत येत होता. मी बांधलेला दोर चौकटीवर लोंबत होता. समोर सगळं काळं आणि फेस. रग्ना धावली आणि तिने सुन्वाला कमरेला धरून मागे ओढलं. ओढता येईना. एवढीशी पोर, रग्ना बोटीवरची पिंपं उचलते, आणि ती फळ्यांवरून घसरत चालली होती.

मी भिंतीशी होतो. कोट माझ्या हातात होते. ते कसे आले ते मला आठवत नाही.

कोट खाली टाकले. रांगेच्या उजव्या टोकाला रोकुर होता, त्याचा मोकळा हात मी डाव्या हातात धरला. तो रडत होता. “चल, फिरव,” म्हटलं, “मोठा फेर, जोरात.” आणि ती सगळी रांग मी वळवत वळवत दारापर्यंत नेली. दारात गेलो तेव्हा बूट पाण्याने भरले. सुन्वाचा पसरलेला हात दिसत होता. त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

उजवा हात पुढे केला. तळवा उघडा.

बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, ती घेणार नाही. तिने तरी का घ्यावा?

मग हात आला. लहान होता. ओली लोकर, तिच्या आत बोटं. गार होती, पण पकड सुन्वासारखीच, लहान मुलांची असते तशी, दोन बोटं धरायची आणि बाकीची सोडायची.

“आजी, म्हण!” मी ओरडलो. “लांब आहे ते गाणं!”

बिल्लाआजीने सुरुवात केली. आवाज आधी फुटला, मग लागला. आम्ही फिरायला लागलो. दारासमोरून गेलो तेव्हा एकदा हात ओढला गेला, पण दोन्हीकडून धरलेल्याला कुठे जाता येतं? पुढच्या वेळी कमी ओढला. मग ओढला नाही. मला पावलं येत नव्हती. उजवीकडून मला ती शिकवली जात होती.

सगळी कडवी झाली. आजी एकही विसरली नाही. रग्नाने मधेच दार आत ओढून घेतलं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरून तीही गात होती. शेवटचं कडवं झालं, मुलांनी पाय आपटले, आणि गाणं संपल्यावर सुटतात तसे हात सुटले.

सुन्वा तिथेच उभी होती. मग बाकापर्यंत चालत गेली आणि स्वतःचे बूट घेऊन आली.

रग्ना खाली बसली. “कुणी धरलंय तुला?” तिने विचारलं.

“कुणी नाही,” सुन्वा म्हणाली. “ती आता मामाच्या बाजूला आहे.”

बिल्लाआजी बाकावर दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती. घरी सोडायला गेलो तर म्हणाली, “हात नको धरूस, मला येतं चालता.”

१३ डिसेंबर

नवा अडसर बसवला. अग्निसुरक्षेला पत्र लिहिलं की ते दार नसून भोक आहे. शब्द दोनदा तपासला.

सुन्वा रस्त्यावर चालली. दुकानापर्यंत. लंगडते, पण चालते. हातमोजे दोन्ही कोरडे.

२० डिसेंबर

शाळेला सुट्टी लागली. कॅमेरा पुसून, तपासून ठेवायला वखारीत एकटाच गेलो. पट्ट्या काढल्या, खुणा घासून टाकल्या. मग शेवटची चाचणी म्हणून समोर उभा राहिलो.

सुन्वा उभी राहायची त्या बाजूला आता काही नाही. भिंत रिकामी. पडद्यावर एकच काडी, माझी.

त्या काडीचा उजवा हात बाजूला पसरलेला होता, जरा खाली, मुलाच्या उंचीवर धरतात तसा. मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो सरळ खाली होता. खिशात घातला. पडद्यावर होता तिथेच राहिला. दोन पावलं डावीकडे सरकलो, एक उजवीकडे. पडद्यावरचा हात थोडा झुलला, कुणी त्याला धरून चालावं तसा.

फ्लेमिंगना कळवलं नाही. ते कोट शोधायला सांगतील.

परवापासून माझा उजवा हातमोजा चुलीशेजारी टांगूनही वाळत नाही. रग्नाने दुसरा विणायला घेतलाय. माझ्या मापाचा विणतेय असं वाटलं होतं. मघाशी पाहिला. फार लहान आहे.

संध्याकाळी मुलं दारात आली होती. नाताळच्या नाचात मी येणार का ते विचारायला. येणार म्हटलं. रोकुर म्हणाला, “मी तुझ्या डावीकडे. तू पावलं चुकतोस, लक्ष ठेवावं लागतं.”

“मग मी उजवीकडे,” लिव म्हणाली.

मी म्हटलं, तिथे जागा नाही.